नॉनव्हेज सोडलं, आता डब्यात काय?

रोहन (बी-४०३): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या ग्रुपवर जरा घरगुती प्रश्न विचारतोय. मी आणि श्वेताने नॉनव्हेज आणि अंडी दोन्ही सोडलंय. रोज पोळी, बटाटा नाहीतर फ्लॉवर, वरणभात. कंटाळा आला की पनीर. सातपूरला कंपनीत चार वाजले की पोटात कावळे कोकलतात आणि मग कॅन्टीनचा वडापाव. दोघांनाही स्वयंपाक बेताचाच येतो. काय करावं?

पाटील काका (ए-२०१): अरेरे. म्हणजे रविवारच्या रश्श्याला एक माणूस कमी.

मीनाकाकू (ए-१०२): काकांचं मनावर घेऊ नकोस. तू ताटातून मटण काढलंस, पण त्याच्या जागी आणलं काय? बटाटा-फ्लॉवरने पोट भरतं, पण टिकत नाही. रोज एक उसळ हवीच. मटकी, मूग, चवळी, अख्खा मसूर, आलटून पालटून. मिसळ खातोस ना? तीच मटकी, फक्त तर्री आणि फरसाण सोडून.

डॉ. अनघा (सी-३०४): काकूंच्या म्हणण्याला आकडे जोडते. निरोगी माणसाला दिवसाला किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ६० किलो असेल तर ५० ग्रॅम. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ३-४. तिथेच मार खातो आपण. दोन्ही वेळच्या भाकरी मिळून २० धर, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ९, घट्ट वरण ७, मोठी वाटी दही ८, मूठभर शेंगदाणे ७. झाले ५१. पावडरचा डबा आणायची गरज नाही. आणि डाळ-भात एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

श्वेता (बी-४०३): मोड आणायला जमतच नाही हो काकू. दोन दिवस ठेवले तरी नुसती फुगलेली मटकी.

मीनाकाकू (ए-१०२): थंडी आहे गं. निफाडचा पारा उतरला की आपल्याकडेही मोड रुसतात. मटकी रात्री कोमट पाण्यात भिजव. सकाळी उपसून चाळणीत अर्धा तास निथळू दे, पाणी राहिलं की चिकट होते. मग सुती फडक्यात सैल बांध, आवळू नकोस. गाठोडं डब्यात घालून पिठाच्या डब्यामागे किंवा बंद ओव्हनमध्ये ठेव. संध्याकाळी हाताने पाणी शिंपड. दुसऱ्या दिवशी नखाएवढे मोड येतात. फोडणीत मोहरी, हिंग, कांदा, हळद, तिखट, वरून मटकी आणि पाण्याचा हबका. झाकणावर पाणी ठेवून दहा मिनिटं. कुकरला लावू नकोस, लगदा होतो. खाली उतरवून लिंबू पिळ.

अ‍ॅडमिन: सूचना: उद्या सकाळी १० ते १२ टाकीची सफाई, पाणी बंद राहील. खाण्यापिण्याची चर्चा शक्यतो वैयक्तिक करावी.

पाटील काका (ए-२०१): म्हणजे मटकी आजच भिजवा. आणि अ‍ॅडमिनसाहेब, ग्रुपवर वाढदिवसाचे ऐंशी फुगे चालतात, मग मटकीनेच काय केलंय?

देशमुख आजोबा (ए-३०१): फॉरवर्ड केलेलं: मोड आलेल्या कडधान्यात बी१२ जीवनसत्त्व भरपूर असते. सर्वांनी पुढे पाठवा.

डॉ. अनघा (सी-३०४): आजोबा, कृपया पुढे पाठवू नका. धान्य, डाळ, भाजी, मोड यांत बी१२ नसतं. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच मिळतं. रोहन, यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून आज काही जाणवणार नाही. पण हातापायाला मुंग्या आणि थकवा सुरू होईपर्यंत थांबू नका. दूध-दही रोज घ्या आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. दूधही सोडायचं असेल तर गोळी लागेलच.

श्वेता (बी-४०३): माझं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे. आई म्हणते डाळिंब खा.

डॉ. अनघा (सी-३०४): डाळिंब खुशाल खा, पण त्यात लोह नावालाच. डाळी, अळीव, हिरव्या पालेभाज्या घे आणि सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू. भाजीपाल्यातलं लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तासभर तरी जाऊ दे. आणि कमी कशामुळे आहे ते एकदा तपासून घे, नुसत्या आवळ्यावर अवलंबून राहू नकोस.

संगीताताई (सी-१०२): आमच्या सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, विसरू नका. शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. भाकरी थापायला अवघड, तडकते. नवख्यांनी ताकातली आंबील करावी: दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, जिरं. खुरासणीची (कारळ्याची) चटणीही करून ठेवा, दोन आठवडे आरामात टिकते.

रोहन (बी-४०३): आणि हुलग्याचे (कुळथाचे) शेंगोळे? आजीच्या हातचे आठवतात.

मीनाकाकू (ए-१०२): हुलग्याचं पीठ मिळालं तर हुलग्याचं पिठलं कर. शेंगोळ्यांच्या वाटेला एवढ्यात जाऊ नकोस, पीठ सैल झालं की सगळी खीर होते. सध्या बाजारात सोलाणे आलेत. हिरवे हरभरे लसूण-मिरचीबरोबर तव्यावर भाज, भरड वाट, आमटीला टाक. वीस मिनिटांचं काम. डब्यात भाकरी, ही आमटी आणि मूठभर शेंगदाणे-फुटाणे चार वाजण्यासाठी वेगळे. वडापाव आपोआप सुटेल.

पाटील काका (ए-२०१): सोलाण्याच्या आमटीला मी येतो. त्या दिवशी मीही शाकाहारी.

श्वेता (बी-४०३): काकू, शेवटचं एक. परवाची बांधलेली मटकी ओट्यावरच राहिली. जरा आंबट वास येतोय, धुऊन चालेल?

मीनाकाकू (ए-१०२): बोटाला तार येते का बघ.

श्वेता (बी-४०३): येते.

मीनाकाकू (ए-१०२): मग दे फेकून. उद्या पाणी नाही, आत्ताच नवी भिजव. माझ्याकडे मटकी आहे, वाटी घेऊन ये.