बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आता करावं की थांबावं?

मानेवाडाकर (8 जून 2021)
बाबा 67 वर्षांचे. उजव्या बाजूचा हर्निया आहे. ऑपरेशन गेल्या वर्षी मार्चमध्येच ठरलं होतं, लॉकडाऊनमुळे राहिलं. यंदा 6 मेला कोविड पॉझिटिव्ह, भरती, ऑक्सिजनही लागला. आता घरी ठीक आहेत, फक्त जिना चढले की खोकतात. हॉस्पिटलवाले म्हणून राहिले, ठरवलेली ऑपरेशनं परत सुरू झाली, 14 तारखेला निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन या. आईचं म्हणणं, तिसरी लाट यायच्या आत उरकून घ्या. कोणी इतक्यात केलंय का?

खामल्याची सून
माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदू मागच्या आठवड्यात झाला. सकाळी नेलं, दुपारी घरी. उरकून टाका भाऊ, लाट आली की बेड भेटत नाही. एप्रिलमध्ये पाहिलं ना सगळ्यांनी.

ओटी सिस्टर
मोतीबिंदूला डोळ्यापुरती भूल असते ताई, हर्नियाचं तसं नसतं.

मी रामदासपेठेत ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला आहे. दादा, 14 तारीख मला घाईची वाटते. 6 मेपासून मोजलं तर साडेपाच आठवडेच होतात. याच मार्चमध्ये 116 देशांतल्या 1 लाख 40 हजार रुग्णांचा अभ्यास आला. कोविडनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यात ऑपरेशन झालेल्यांत महिनाभरातले मृत्यू 3.6 टक्के, सात आठवड्यांनंतर 1.5, म्हणजे कोविड न झालेल्यांइतकेच. पण लक्षणं शिल्लक असतील तर सात आठवड्यांनंतरही धोका जास्तच राहतो. म्हणून 24 जूननंतरचं बघा, तेही खोकला पूर्ण गेला तरच. खोकल्याने टाक्यांवर ताण येतो, तो वेगळाच.

निगेटिव्ह रिपोर्टवर फार विसंबू नका. ज्यांना कोविड होऊन गेला त्यांचा रिपोर्ट कधी कधी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येतो, आणि निगेटिव्ह आला म्हणजे फुफ्फुस सावरलं असं नाही.

सगळे ओटीचंच विचारतात, सॅनिटाइझ करता का, फ्युमिगेशन करता का. ओटीत हवा सतत बदलते, आमचे मास्क पक्के असतात. माझ्या मते खरी भीती नंतरच्या वॉर्डाची. तिथे काय विचारायचं? कोविडच्या मजल्यावरची सिस्टर त्याच दिवशी इकडे ड्युटी करते का? एक्स-रे, लिफ्ट वेगळी आहे का? खोलीत दुसरा पेशंट कोण? आणि आपल्याकडची गंमत, पेशंट एक आणि डबा घेऊन भेटायला सहा! एकच नातेवाईक ठेवा, तोही तोच तोच. लसीचे दोन डोस झालेला असेल तर उत्तम. बाबांना लस सध्याच्या नियमाने बरं झाल्यावर तीन महिन्यांनीच भेटेल.

सर्जनला विचारा, मणक्यातल्या भुलेवर होईल का. उघड्या पद्धतीने बहुतेकदा होतं, मग घशात नळी टाकावी लागत नाही. डिस्चार्ज कार्ड भूलतज्ज्ञांना दाखवा. त्यात स्टेरॉइड असेल तर शुगर तपासून घ्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का तेही पाहा.

थांबायचं ते हर्नियाची गाठ सहज आत जात असेल तोवरच. बाहेर आलेली गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना, उलट्या झाल्या, तर रात्री दोन वाजले असले तरी निघा. तेव्हा आठवडे मोजायचे नाहीत.

खामल्याची सून
वॉर्डाचं खरंय जी. आम्हाला त्याच दिवशी सोडलं म्हणून बरं झालं.

मानेवाडाकर
सर्जनशी बोललो. ते थांबायला लगेच तयार झाले, म्हणाले जुलैचा पहिला आठवडा बघू, आधी भूलतज्ज्ञांना दाखवा. ऑपरेशन मणक्यातल्या भुलेवरच करणार. कार्डावर रिव्हारोक्साबॅन निघालं, तीच रक्त पातळ करणारी गोळी, महिनाभराची. आता बंद करू का?

ओटी सिस्टर
आपल्या मनाने नको. कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञ सांगतील, मणक्यात सुई टाकायची म्हणजे त्यांना ते आधी माहीत हवंच. गोळीची पट्टी सोबत न्या.