तंत्र म्हणजे मुळात माग

कोणीतरी म्हटलंय की टेक्नॉलॉजी म्हणजे मशीन आणि तंत्रज्ञान हा त्याला ओढूनताणून शोधलेला शब्द. मला दोन्ही नाही पटलं. टेक्नॉलॉजी ज्यावरून आला तो ग्रीक 'टेख्ने' म्हणजे कला, हातातलं कसब, आणि भाषाशास्त्रज्ञ तो ज्या मुळाशी जोडतात त्याच मुळातून संस्कृतमधला 'तक्ष्' आलाय, म्हणजे आपलं तासणं! सुतार लाकडावर वाकस चालवतो आणि ढलप्या उडतात ना, तेच. आणि तंत्र हा शब्द तर फारच सुंदर आहे, संस्कृतात त्याचा जुना अर्थ माग, मागावर ताणलेले उभे धागे, तन् म्हणजे ताणणे. टेक्नॉलॉजी या शब्दाला यंत्राचा अर्थ इंग्रजीत खूप नंतर चिकटला, १७व्या शतकात टेक्नॉलॉजी म्हणजे कलांविषयीचं विवेचन, वस्तू नव्हेच.