क्लचचा पॉइंट पायाला कसा कळला? तुमचे अनुभव सांगा

माझी पुतणी सध्या गाडी शिकते आहे. लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं, त्यामुळे घाई कसलीच नाही. स्टिअरिंग, आरसे, इंडिकेटर पटकन जमलं. अडलंय ते क्लचपाशी. "काकू, सोडायचा म्हणजे नक्की किती सोडायचा?" हा तिचा रोजचा प्रश्न. "हळू सोड" या उत्तराने कुणाचंच भागत नाही. तेव्हा क्लच सोडताना गाडी सरकू लागते तो पॉइंट तुमच्या पायाला कसा सापडला, काय ऐकू आलं, काय जाणवलं, ते सविस्तर लिहा. "ऑटोमॅटिक घ्या" हा सल्ला मात्र नको, घरची गाडी मॅन्युअलच आहे.

*

ताई, आधी एक तपासा. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. माझे सर प्रत्येक सिग्नलला स्वतःच क्लच सांभाळायचे. गाडी कधी बंद पडली नाही, पण माझ्या पायाला काही कळलंही नाही. क्लास संपला, घरची गाडी हातात घेतली आणि ती जागेवरच आचके द्यायला लागली.

मग दिरांनी शाळेच्या रिकाम्या मैदानावर नेलं. म्हणाले, "वहिनी, आज अॅक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही." पहिला गिअर टाकायचा, क्लच केसाकेसाने वर आणायचा, गाडी सरकू लागली की पाय तिथेच धरायचा, पुन्हा दाबायचा, थांबायचं. गाडी डिझेल होती, नुसत्या क्लचवर निघायची. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं की पॉइंट आला की इंजिनाचा आवाज जड होतो आणि स्टिअरिंगवर बारीक थरथर येते. पाय नंतर शिकला, कान आधी. पुतणीला सांगा, काच खाली कर आणि गाणी बंद ठेव.

*

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे, म्हणून आतलं थोडं सांगतो. पेडल दाबलं की प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. सोडताना ती प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, आधी घासते, मग घट्ट बसते. हा घासण्याचा टप्पा म्हणजे हाफ क्लच. पेडलच्या सगळ्या प्रवासात तो अगदी लहान असतो. पाय सावकाश न्यायचा तो तिथेच. त्याच्या आधी आणि नंतर रेंगाळायची गरज नसते.

दुसरं म्हणजे प्रत्येक गाडीचा पॉइंट वेगळा. केबलचा क्लच असेल तर प्लेट झिजत जाते तसा पॉइंट वर येतो आणि केबल अॅडजस्ट करावी लागते. हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये, तो फारसा हलत नाही, पण लाइनमध्ये हवा शिरली तर पेडल पोकळ लागतं आणि गिअर अडकतात. तेव्हा क्लासच्या गाडीवरून घरच्या गाडीवर आल्यावर चाचपडायला झालं तर मुलीला बोल लावू नका. आणि गाडी चालू असताना क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. जळका वास आला की समजा, प्लेट घासते आहे.

*

माझी उंची कमी आहे. सीट पुढे घेतली, पाठीमागे उशी लावली आणि अर्धं काम झालं. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. जाड तळाचे बूटही नकोत.

*

आम्ही चिपळूणचे. कुंभार्ली घाटात पुढे ट्रक थांबला की चढावर उभं राहावंच लागतं. वडिलांनी हँडब्रेकवर शिकवलं: हँडब्रेक ओढलेला, क्लच पॉइंटवर आणायचा, गाडीचं नाक किंचित उचललं की थोडी रेस द्यायची आणि मगच हँडब्रेक सोडायचा. चढावर थांबून, मागे न घरंगळता पुन्हा निघणं हे ड्रायव्हिंग टेस्टच्या नियमांतही आहे. सपाटीवर पाय बसल्याशिवाय मात्र चढावर नेऊ नका. भीती एकदा बसली की पाय आखडतो, आणि आखडलेल्या पायाला काहीच जाणवत नाही.

*

जर्मनीत आल्यावर ६ महिन्यांनी भारतीय लायसन्स चालेनासं झालं आणि परीक्षा नव्याने द्यावी लागली. इथे गिअर उजव्या हाताला, पण पेडलं त्याच क्रमाने, क्लच डावीकडेच. पुण्यात शिकलेला डावा पाय जसाच्या तसा कामी आला, हाताला मात्र वेळ लागला. इथे २०२१ पासून ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊनही मॅन्युअल चालवता येते, पण त्याआधी मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान १० तास घ्यावे लागतात, शिवाय ड्रायव्हिंग स्कूलची छोटी चाचणी. मला ही अट योग्य वाटते. ही जाण गाडीत बसूनच येते.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. सीटचं आजच बघते, आणि क्लासच्या सरांशी त्यांच्या क्लचबद्दल बोलते. गॅरेजवाल्या दादांना एक विचारायचं होतं: आमची गाडी पेट्रोल आहे. रेस न देता नुसत्या क्लचवर सराव केला तर चालेल ना, की थोडी रेस द्यायला सांगू?