वाढ थांबवायची म्हणजे नेमकं काय थांबवायचं?

वाटसरू: २०१० ते २०२० या दशकात सौर पॅनेल ८० टक्क्यांहून जास्त स्वस्त झाले. तरी जगाच्या ऊर्जेत कोळसा, तेल आणि वायूचा वाटा अजून ८० टक्क्यांच्या आसपासच आहे. नवी ऊर्जा जुनीच्या जागी आली नाही, तिच्यावर चढून बसली. यंत्रं काटकसरी झाली की कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणून श्रीमंत देशांनी वापरच ठरवून घटवावा. डीग्रोथशिवाय, म्हणजे अर्थव्यवस्थेचा पसारा ठरवून आवरल्याशिवाय, गत्यंतर नाही.

चौकस: तो ८० चा आकडा फसवा आहे. पेट्रोलच्या गाडीत टाकीतल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. गाड्या विजेवर आल्या की ही उधळपट्टी विजेने भरून काढायचीच नाहीये! आणि २०२० मध्ये अख्खं जग घरात कोंडलं तरी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन घटलं पाचेक टक्के. पुढच्याच वर्षी जवळपास पूर्ववत.

वाटसरू: लॉकडाऊन म्हणजे डीग्रोथ नव्हे हो. उपासमार आणि पथ्य यात फरक आहे की नाही? गाडीचं पटलं, पण सिमेंटचं काय? चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. भट्टी खुशाल सौरऊर्जेवर चालवा, तो सुटणारच. उपाय एकच, कमी बांधा आणि उभं आहे ते टिकवा.

काठावरचा: ‘श्रीमंत देश’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा, २०२२ चा अहवाल सांगतो की जगभरच्या कुटुंबांच्या उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनात वरच्या १० टक्के कुटुंबांचा वाटा ३४ ते ४५ टक्के आहे. ज्यांच्या घरी अजून वीजच नाही, त्यांनी काय घटवायचं?

चौकस: मग खासगी विमानांवर कर लावा की! जीडीपीच्या मागे कशाला लागायचं? ब्रिटनने १९९० पासून देशांतर्गत उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आणलं, तेही अर्थव्यवस्था वाढत असताना.

वाटसरू: कारखाने परदेशी धाडले, ते वजा करा. मग बोलू.

चौकस: आयात मालाचं उत्सर्जन धरलं तरी घट दिसतेच, थोडी कमी. सिमेंटपुरतं मात्र माझ्याकडे कार्बन पकडून जमिनीत गाडण्यापलीकडे फारसं उत्तर नाही, आणि ते महाग आहे.

वाटसरू: म्हणजे तिथे कपात मान्य?

चौकस: तिथे. त्यावरून अख्ख्या अर्थव्यवस्थेला कात्री लावायला धावू नका.