डबा तसाच परत आला! शाळेच्या डब्याचे तुमचे अनुभव सांगा

पहिलीची आई, ठाणे

लेक यंदा पहिलीत गेली. बालवाडीत होती तोवर खाऊचा एवढुसा डबा, दोन बिस्किटं नि चार मनुका, विषय संपला. आता छोट्या सुट्टीचा वेगळा, मोठ्या सुट्टीचा वेगळा, आणि शाळेने आठवड्याचं वेळापत्रकच हातात दिलंय, सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी थालीपीठ नाहीतर धिरडं वगैरे. वेफर्स, मॅगी, केक बंद. मला ते पटलेलं आहे, तक्रार नाहीये, पण पहाटे साडेपाचला उठून केलेली मटकीची उसळ दुपारी जशीच्या तशी घरी येते तेव्हा डोकं फिरतं. तीच मटकी घरी वाटीभर खाते हो, वर मागून घेते! मग शाळेतच काय होतं? रागावून झालं, लाडीगोडी झाली, पोळीचे ससे कापून झाले (त्या सशांपायी माझी रिक्षा दोनदा चुकली). ज्यांच्याकडे डबा रिकामा येतो त्यांनी नक्की काय केलं ते लिहा. रेसिप्या नकोत, त्या ढिगाने आहेत.

दोघांचा बाबा, नाशिक

आमच्याकडे डबा मी भरतो, बायकोची फर्स्ट शिफ्ट असते. धाकट्याचा डबा महिनाभर भरलेलाच परत. भाज्या बदलल्या, तूप-साखर पोळी दिली, तीही परत, तेव्हा मात्र मी चरकलो कारण तूप-साखरेला नाही म्हणणारं पोर नाहीये ते. मग एका रविवारी दोघं भाऊ शाळा-शाळा खेळत होते, याने डबा घेतला पुढ्यात आणि मी बघतोय तर याला झाकणच उघडेना. चारी बाजूंनी खटके असलेला हवाबंद डबा, मीच हौसेने आणलेला. दोन खटके निघायचे, तिसऱ्याला नख दुखलं की सोडून द्यायचा. बाईंना सांगायची लाज वाटायची म्हणे, कारण शेजारच्या मुलाला उघडता येतो!

मग जुना स्टीलचा काढला. त्यातही एक शिकलो, गरम भाजी भरून लगेच झाकण दाबलं की थंड होताना ते आत ओढलं जातं आणि मग माझ्याच्यानेही निघत नाही. म्हणून आता भाजी ताटलीत पसरायची, पोळ्या जाळीवर पंख्याखाली, आपली आंघोळ उरकायची आणि मग डबा भरायचा. पोळीला घाम सुटून ती चिकट होते तेही थांबलं. ताई, आधी तुमच्या लेकीला डबा समोर उघडायला लावा.

नातवंडांची आजी, कोल्हापूर

माझा नातू चपाती परत आणायचा, का तर "वातड लागते". सूनबाईला वाटायचं पोराचे नखरे. मी एकदा तिने केलेली चपाती सकाळी डब्यात घालून ठेवली आणि दुपारी बारा वाजता स्वतः खाऊन बघितली. पोरगं खरं बोलत होतं. कणीक घट्ट आणि तवा मंद, मग काय होणार. कणीक सैल भिजवायची, अर्धा तास तरी मुरू द्यायची, मोठ्या आचेवर झटकन भाजायची. मंद आचेवर चपाती वाळते. आणि प्रवासाला पूर्वी आम्ही दशम्या करायचो, पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या, त्याच आता दोन दिवस डब्यात देते. सोबत शेंगदाण्याची चटणी. दह्यात कालवून नाही हां, दही दुपारपर्यंत आंबतं.

तीच ती परत आणणारी, पुणे

मी आई नाहीये, कॉलेजात आहे, पण मी ती मुलगी आहे जिचा डबा परत जायचा, म्हणजे खरं तर जायचा नाही, तीच तर गंमत आहे. तिसरीत असताना आईने मुळ्याची पीठ पेरून भाजी दिली होती. मला आवडते, अजूनही आवडते. झाकण उघडलं आणि पुढच्या बाकावरच्या दोघांनी नाक धरलं, मग अख्ख्या रांगेने धरलं. त्या दिवसापासून मी वर्गात डबा उघडलाच नाही. पण घरी भरलेला नेला तर आई विचारणार, म्हणून परत येताना रिक्षावाल्या काकांना द्यायचे. काका बिचारे आधी नको म्हणायचे, मग सवय झाली त्यांना. असं जवळजवळ वर्षभर चाललं. आई खूश, डबा चाटूनपुसून साफ! मग एकदा काका गेटशी आईला म्हणाले, "वहिनी, कालची मेथी फर्मास होती."

आई रडली नाही की ओरडली नाही, तिने पहिलं विचारलं की तू दिवसभर काय खात होतीस. मैत्रिणींचं खात होते, आणखी काय. नंतर आमचा तह झाला, वासाच्या भाज्या रात्री घरी आणि डब्यात बिनवासाचं. मुळा, कोबी, उकडलेलं अंडं हे सकाळी आठला झाकणात कोंडलं की अकरा वाजता त्याचा वेगळाच प्राणी झालेला असतो. मुलं "आवडत नाही" सांगतात तेव्हा कोणाला आवडत नाही तेही विचारा.

नोकरीवाली, औरंगाबाद

आमच्याकडे फक्त फळाचा प्रॉब्लेम होता, सफरचंद काळं पडतं म्हणून खायचा नाही. फोडी चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यातून पाच मिनिटांनी काढून निथळून भरते. संपतात.

न्यू जर्सीहून

इथे मुलाच्या वर्गात एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, म्हणून वर्गात शेंगदाणा आणि सुकामेवा दोन्ही बंद. आधी वाटलं, हात्तिच्या, दाण्याचा लाडू नाही द्यायचा, एवढंच ना. मग ओट्याशी उभी राहिले आणि लक्षात आलं की माझ्या स्वयंपाकात कुठे नाही दाण्याचं कूट! काकडीच्या कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, भरल्या वांग्यात, मेथीच्या पातळ भाजीत. सासूबाई इथे आल्या होत्या, त्यांनी सवयीने बटाट्याच्या भाजीवर मूठभर पेरलं, मी साडेसातला तो डबा अख्खा ओतून परत भरला. त्यांना वाईट वाटलं. त्यांना समजावून सांगायला मला दोन दिवस लागले की हे चोचले नाहीत, त्या पोरीच्या जिवाशी खेळ होईल. तिळाचं कूट करावं तर इथे 2023 पासून तीळही मुख्य ॲलर्जीच्या यादीत आहेत, त्यामुळे ते मी बाईंना विचारूनच ठरवणार होते, त्या नको म्हणाल्या. शेवटी सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया मंद भाजून कूट केलं. दाण्याची खमंग चव येत नाही, खोटं कशाला सांगू, पण खिचडीचा लगदा होत नाही आणि पोरगा खातो.

जिल्हा परिषद शाळेत शिकवते, यवतमाळ

आमच्याकडे डबा फार कोणी आणत नाही, पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीला रोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ असा हिशेब. गंमत अशी की घरी "हा काहीच खात नाही हो मॅडम" म्हणून आई सांगून जाते ते पोरगं पंगतीत बसलं की मटकीची उसळ दोनदा घेतं, कारण शेजारचाही तेच खातोय. अंडं 2023 च्या शेवटी सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं, त्या दिवशी हजेरीपट कसा भरलेला असायचा. 2025 च्या सुरुवातीला अंड्याचा वेगळा निधी थांबला. पोरं अजून विचारतात.

म्हापशाची

आमच्या गोव्यातल्या पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंड्याची पोई (आतून पोकळ पाव) घ्यायची, पोट फाडायचं, आत चवळीची सुकी उसळ नाहीतर कोबीची खोबरं घातलेली भाजी. हातात धरून पळता पळता खातात. मात्र उन्हाळ्यात ओलं खोबरं नको, नासतं.

फक्त वाचणारा

एवढी वेळापत्रकं नि गेटबाहेर चायनीज भेळेची गाडी! शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायला 2020 च्या नियमाने बंदी आहे. आमची गाडी बहुधा 51 मीटरवर असणार.

पहिलीची आई, ठाणे

सगळ्यांना धन्यवाद, रिक्षावाल्या काकांचं वाचून मी आमच्या काकांकडे संशयाने बघितलं. नाशिकच्या दादांचं ऐकून रविवारी लेकीला डबा दिला, झाकण उघडता येतं. वासाचंही काही नाही. मग सहज मोबाइलवर वेळ लावला. दोन पोळ्या आणि मटकी, मध्ये एकदा खिडकीतून कावळा बघणं धरून एकतीस मिनिटं! मोठी सुट्टी वीस मिनिटांची, त्यात हात धुवायची रांग. म्हणजे खायची इच्छा असून पोर निम्म्यात घंटा वाजली की झाकण लावत होती, आणि मी घरी आल्यावर "का नाही खाल्लंस" म्हणून उलटतपासणी घेत होते.

काल एकच फुलका, मटकी कोरडी करून आत भरून गुंडाळी, मधोमध कापून. एक तुकडा परत आला. दुसरी पोळी घरी आल्या आल्या देते. आता उद्या तोंडली आहेत, त्यांची गुंडाळी कशी करायची ते सांगा.