बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये एकच दिवस, आणि तोही पायी

प्रश्न: आईला घेऊन जातेय. तिचे गुडघे दुखतात. स्टेशनवरून पायी काय काय जमेल?

उत्तर: मिन्नेवॉटर तळं जवळच आहे. शेजारचं बेगाइनहोफ, म्हणजे धार्मिक वृत्तीच्या स्त्रियांची जुनी वसाहत, १२४५ सालचं. पांढरी घरं, उंच झाडं, आणि इतकी शांतता की आम्हीही कुजबुजतच बोलत होतो. पुढे अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोची मेरी आणि बाळ येशूची संगमरवरी मूर्ती. बाळ पुढे पाऊल टाकायच्या बेतात, पण हात अजून आईच्या हातात! माझे तर डोळे भरून आले. आईंना हे दाखवाच. बेलफ्री या घंटामनोऱ्याच्या ३६६ पायऱ्या मात्र नकोत.

दुसरं उत्तर: रस्ते दगडी आहेत, बूट मऊ तळव्यांचे घ्या. रोझेनहुडकाय हा कालव्याचा देखणा काठ सकाळी लवकर गाठा.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार! बेलफ्रीच्या ४७ घंटा चौकातूनच ऐकू.