४×५ कॅमेऱ्यासाठी पहिली कृष्णधवल शीट फिल्म (सुट्या, एकेक तुकड्यांची फिल्म) कोणती घ्यावी?

प्रश्न: रोल फिल्मवर काही वर्षे काम केल्यानंतर मी आता ४×५ इंची कॅमेरा घेतला आहे. माझे विषय निसर्ग आणि जुन्या वास्तू असल्यामुळे भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) बहुधा एफ/२२ किंवा त्याहून लहान ठेवावे लागते. पहिली पेटी इल्फर्ड एफपी४ प्लसची घ्यावी, एचपी५ प्लसची, की तुलनेने स्वस्त फोमापॅन १०० ची?

उत्तर १: आपले छिद्र लहान असेल, तर फिल्मच्या वेगाइतकाच (प्रकाशाला असलेल्या संवेदनशीलतेइतकाच) दीर्घ उद्भासनातील (एक्स्पोजरमधील) तिचा प्रतिसाद महत्त्वाचा ठरतो. प्रकाशमापकाने १० सेकंद दाखवले, तर एफपी४ला सुमारे १८ सेकंद पुरतात; फोमापॅन १०० ला मात्र उत्पादकाच्या तक्त्यानुसार ८० सेकंद द्यावे लागतात. फोमापॅन वाईट नाही, तिच्या करड्या छटा मला मनापासून आवडतात. पण अंधाऱ्या गाभाऱ्यात ती हाती असू नये.

उत्तर २: माझे मत एचपी५च्या बाजूने आहे. वाऱ्याने पाने हलत असताना ४०० चा वेग फार उपयोगी पडतो, आणि एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर दाणा (चित्रातील बारीक कण) जवळजवळ जाणवत नाही.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. अंधारात फिल्मची संवेदनशील बाजू कशी ओळखावी?

उत्तर १: शीट उभी धरून कडेवरची खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली, की संवेदनशील बाजू आपल्याकडे असते. एक शीट खर्ची घालून उजेडात सराव अवश्य करावा.